बर्फाखालच्या जाळ्यांची नोंद कशी ठेवायची: नुइक्सटच्या काकताक मासेमारीवरून

समजा तुम्ही फिशरीज शिकून अलास्काला किंवा उत्तर कॅनडात कामाला लागलात आणि तिथं कोणीतरी तुमच्या हातात वही देऊन सांगितलं की या गावची घरच्यापुरती मासेमारी चालते, तिची या हंगामाची नोंद तुम्ही ठेवा, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण पहिल्या दिवशी जाऊन मासे मोजायला लागतात. मी म्हणते आधी जाळी मोजा. किती जाळी, किती लांब, किती आसाची (म्हणजे जाळ्याचा एकेक डोळा केवढा), कधी पाण्यात गेली आणि कधी वर आली, एवढं जर तुमच्याकडे धड नसेल तर माशांचा आकडा कितीही बरोबर असला तरी त्याचा उपयोग शून्य आहे. का ते पुढे सांगतेच.

घरच्यापुरती मासेमारी म्हणजे जी विकायला नसते. घरात खायला, म्हाताऱ्या आईवडिलांना द्यायला, दुसऱ्या गावच्या नातेवाईकांना पाठवायला, कोणाकडून व्हेलचं मकताक, म्हणजे चरबीसकट कातडी, घेतलं तर बदल्यात द्यायला. तिची पावती कुठंच फाटत नाही म्हणून ती सरकारी आकड्यातही येत नाही. २०११ मध्ये संशोधक डर्क झेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशिया, अमेरिका आणि कॅनडाच्या आर्क्टिक समुद्रातली १९५० ते २००६ ची मासेमारी जुन्या कागदांवरून पुन्हा मांडली, तर एकूण साधारण ९ लाख ५० हजार टन निघाली, आणि एफएओकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेकडे, नोंद होती फक्त १२,७०० टनांची, म्हणजे जवळजवळ ७५ पट फरक. अमेरिकेच्या नावावर तर त्या भागात शून्य होतं. आता शून्य लिहिलेलं असलं की तेल कंपनी, बांध बांधणारे, जहाजवाले सगळे म्हणू शकतात की इथं मासेमारी नाहीच, मग नुकसान कसलं? म्हणून ही वही महत्त्वाची आहे, आणि ती नीट लिहिली पाहिजे.

मी इथं एकाच गावचं उदाहरण धरून सांगते, अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचं नुइक्सट. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण एक ठिकाण नीट समजलं की दुसरीकडे काय विचारायचं ते कळतं.

नुइक्सट हे कॉलव्हिल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, निग्लिक नावाच्या फाट्यावर, ब्युफोर्ट समुद्रापासून ३० एक किलोमीटर आत आहे. वस्ती पाचशेच्या आसपास, बहुतेक इनुपियाक, म्हणजे उत्तर अलास्काचे मूळ रहिवासी. १९७३ मध्ये उत्कियाग्विकहून, म्हणजे तेव्हाच्या बॅरोहून, २७ कुटुंबं परत इथं येऊन राहिली आणि गाव पुन्हा वसलं, जागा अर्थात त्यांच्या पूर्वजांचीच. गावाच्या उत्तरेला काही मैलांवर अल्पाइन तेलक्षेत्र आहे, तिथून २००० साली तेल निघायला लागलं. सप्टेंबरात इथले लोक क्रॉस बेटावर व्हेलच्या शिकारीला जातात, ते परत आले, नदी गोठली, की ऑक्टोबरात बर्फाखाली जाळी लागतात. मासा मुख्यतः एकच, काकताक. इंग्रजीत आर्क्टिक सिस्को म्हणतात. तेलकट, चवीला भारी, गोठलेला तसाच कच्चा कापून सीलच्या तेलात बुडवून खातात, त्याला क्वाक म्हणतात. आपल्याकडे गाबोळी भरलेल्या माशाची जशी वाट बघतात तशी तिथं ऑक्टोबरातल्या काकताकची बघतात.

या माशाची गोष्ट समजल्याशिवाय नोंद ठेवू नका, कारण काय लिहायचं ते त्यावरूनच ठरतं. काकताक कॉलव्हिलमध्ये जन्मतच नाही. तो जन्मतो कॅनडात, मॅकेन्झी नदीच्या पाण्यात, तिथून सरळ अंतर धरलं तरी साधारण ६०० किलोमीटर पूर्वेला. वसंतात बर्फ फुटला की पिल्लं समुद्रात येतात, आणि उन्हाळाभर जर पूर्वेचे वारे जोरात चालले तर किनाऱ्यालगतचा प्रवाह त्यांना पश्चिमेला ढकलत ढकलत अलास्कात आणतो. वारे कमी पडले तर त्या वर्षीची पिल्लं पोचतच नाहीत. पोचली ती कॉलव्हिलच्या मुखाशी खाऱ्या-गोड्या पाण्यात हिवाळे काढतात, वाढतात, पाचेक वर्षांची झाली की जाळ्यात अडकायच्या मापाची होतात, आणि सात-आठ वर्षांची झाली की अंडी घालायला परत मॅकेन्झीकडे निघून जातात. बेनी गॅलवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अंदाज १९८३ मध्ये मांडला, आणि पुढच्या अनेक वर्षांच्या नोंदींनी त्याला पाठबळ दिलं.

म्हणजे बघा, या वर्षी जाळ्यात मासे कमी आले तर त्याचं कारण पाच-सहा वर्षांपूर्वीच्या वाऱ्यात असू शकतं, किंवा यंदा खारं पाणी नदीत वर चढलं नाही यात असू शकतं, किंवा लोकांनी जाळीच कमी लावली असतील, किंवा खरंच काही बिघडलं असेल. तुमची वही या चारही गोष्टी वेगळ्या करून दाखवू शकली पाहिजे. २००० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत काकताक खूप कमी मिळाले तेव्हा गावात लोकांनी साहजिकच नवीन तेलक्षेत्राकडे बोट दाखवलं. तेव्हा नोंदी १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या हाताशी होत्या म्हणून निदान बोलायला काही होतं, नाहीतर एकीकडे गावकऱ्यांचा अनुभव आणि दुसरीकडे कंपनीचा शब्द, एवढंच उरलं असतं.

जाण्याआधी परवानग्या

पहिली परवानगी गावाची, मग सरकारची. राज्याचा सॅम्पलिंग परमिट, म्हणजे नमुने घ्यायचा परवाना, वगैरे लागेल तो काढाच, पण त्याच्या आधी गावातल्या संस्थांशी बोला. नुइक्सटमध्ये आदिवासी सरकार वेगळं, नगरपालिका वेगळी, जमिनीची मालकी असलेली कूकपिक कॉर्पोरेशन वेगळी, आणि नॉर्थ स्लोप बरोचं (बरो म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार) वाइल्डलाइफ खातं उत्कियाग्विकला. यातलं एक जरी वगळलं तरी ते लक्षात ठेवतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. जाऊन काय विचारायचं? आम्ही हे हे मोजू, तुम्हाला यातून काय कळायला हवं आहे? हा प्रश्न विचारला नाहीत तर तुम्ही तुमच्याच कामाचं काहीतरी मोजून आणाल आणि गावाला त्याचा काही फायदा नाही. व्हेलच्या शिकारीच्या दिवसांत मीटिंग लावू नका, कोणाच्या घरी मयत झालं असेल तर सगळं गाव थांबतं, तुम्हीही थांबा.

आणि गावातलाच एक माणूस कामाला घ्या, व्यवस्थित पगारावर. तरुण पोरगा-पोरगी चालेल, पण ज्याच्या घरी जाळं लागतं असं कोणीतरी. कोणाचं जाळं कुठं आहे, कोण कोणाकडून जाळं घेऊन वापरतंय, काका सांगतात तो जुना तंबू नेमका कुठल्या वळणावर, हे तुम्हाला बाहेरून आलेल्याला एका हंगामात कळणार नाही. पेट्रोल तिथं महाग आहे, त्यांच्या स्नोमशीनवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीवर, बसून जाणार असाल तर पेट्रोलचे पैसे तुम्ही द्यायचे, यात संकोच नको.

बर्फ

हे मी पटकन सांगते पण सगळ्यात गंभीर हेच आहे. गोड्या पाण्याचा स्वच्छ टणक बर्फ १० सेंटिमीटर असला तर एक माणूस चालू शकतो, स्नोमशीनला १५ ते १८ तरी पाहिजे, आणि निग्लिकसारख्या ठिकाणी खालून खारं पाणी येतं तिथला बर्फ यापेक्षा कमजोर असतो त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे लावू नका. वर बर्फाची भुकटी साचली असेल तर ती गोधडीसारखं काम करते, खाली बर्फ जाड होत नाही. तिथले लोक तूक वापरतात, म्हणजे लांब दांड्याची पहार, पुढे टाकत टाकत चालायचं आणि आवाजावरून ओळखायचं. तुम्हाला तो आवाज ओळखता येत नाही. म्हणून ज्याला येतो त्याच्या मागून चाला, त्याच्या पावलावर पाऊल टाकून, आणि तो म्हणाला आज नको तर आज नको, त्या दिवसाचा डेटा गेला तर गेला. ध्रुवीय अस्वलं मुखाकडच्या भागात येतात, एकट्यानं जायचं नाही.

जाळ्याची नोंद

आता मुख्य काम. जाळं कसं लावतात ते आधी बघून घ्या. बर्फात ओळीनं भोकं पाडतात, लांब काठीनं एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत दोरी सरकवत नेतात, मग त्या दोरीला जाळं बांधून खालून ओढून घेतात. दोन टोकांची भोकं उघडी ठेवतात, रोज किंवा एक दिवसाआड तिथं जमलेला बर्फ फोडून जाळं ओढतात, मासे काढतात, परत सोडतात. गिलनेटच असतं, मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो.

प्रत्येक जाळ्याला एक नंबर द्या. माणसाच्या नावानं नोंद ठेवायची नाही, नाव आणि नंबर जोडणारा कागद वेगळा, तो कुलपात. जीपीएसवर दोन्ही टोकांचं ठिकाण घ्या, जाळ्याची लांबी लिहा, आस लिहा. आस म्हणजे डोळ्याचं माप, तिथं बहुतेकांचं ३ इंची असतं पण अडीच आणि साडेतीनही सापडतात, आणि अर्ध्या इंचानं फार फरक पडतो कारण अडीच इंचीत लहान मासे आणि दुसऱ्याच जातीचे मासे जास्त येतात. विचारून लिहू नका, मोजून लिहा. दोन बोटांनी डोळा ताणून गाठीपासून गाठीपर्यंत, पाच-सहा डोळे मोजायचे.

मग तारीख आणि वेळ. जाळं पाण्यात कधी गेलं, दरवेळी कधी तपासलं, कायमचं वर कधी काढलं. आणि मधे दोन दिवस काढून ठेवलं होतं का, जागा बदलली का, हेही. हेच ते जे लोक विसरतात. आपल्याकडे सीएमएफआरआयचे, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, लोक ससून डॉकसारख्या बंदरावर उभे राहून बोटीतून उतरलेल्या मासळीचा नमुना घेतात, बोटी किती आल्या, किती वेळ समुद्रात होत्या ते विचारतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधतात. नुइक्सटला बंदर नाही, लिलाव नाही, काटा नाही, मासा बर्फावरून स्नोमशीनच्या मागच्या गाडीत आणि तिथून थेट घरात किंवा बाहेरच्या पेटीत. म्हणून तुम्हाला जाळ्यापर्यंत जावं लागतं, रोज, हंगाम संपेपर्यंत.

हिशेब कसा लावायचा ते उदाहरणानं सांगते, आकडे समजायला घेतलेत. एका घराला ४० काकताक मिळाले, दुसऱ्या घरालाही ४०. वरवर दोघं सारखे. पण पहिल्याचं जाळं १८ मीटरचं आणि २४ तास पाण्यात होतं. दुसऱ्याचं ३० मीटरचं आणि ४८ तास. तिथल्या नोंदीत १८ मीटर जाळं २४ तास म्हणजे एक जाळे-दिवस धरतात. मग पहिल्याचा १ जाळे-दिवस, म्हणजे दर जाळे-दिवसाला ४० मासे. दुसऱ्याचं ३० भागिले १८ गुणिले २, म्हणजे ३.३३ जाळे-दिवस, आणि ४० भागिले ३.३३ म्हणजे १२ मासे. चाळीस आणि बारा! एकाकडे मासा भरपूर होता, दुसऱ्याकडे माणूस बिचारा दोन दिवस मोठं जाळं टाकून बसला होता. याला सीपीयूई म्हणतात, श्रमाच्या मानानं मिळालेला मासा. या वर्षीची मागच्या वर्षीशी तुलना करायची तर याच आकड्यानं करायची, एकूण माशांनी नाही.

यात एक खोच आहे. जाळं तीन दिवस न तपासता राहिलं तर तिप्पट मासे येत नाहीत, भरलेल्या जाळ्यात नवीन मासा कमी अडकतो, काही सुटतात, काही खाल्ले जातात. म्हणून फार वेळ राहिलेल्या जाळ्यांचा आकडा वेगळा खूण करून ठेवा आणि हिशेबात त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

सगळ्या जाळ्यांवर तुम्ही दरवेळी हजर असू शकत नाही, मग गावाचा एकूण आकडा कसा? समजा निग्लिकच्या एका भागात ३ इंची जाळ्यांचे ६० जाळे-दिवस तुम्ही स्वतः बघितले आणि त्यात ९०० काकताक निघाले, म्हणजे दर जाळे-दिवसाला १५. त्याच भागात त्याच आसाची जाळी हंगामभर एकूण २०० जाळे-दिवस लागली होती हे तुमच्या आत-बाहेरच्या नोंदीवरून कळलं, तर अंदाज ३,००० चा. पण हे भागवार आणि आसवार करायचं. तिथं वरचं निग्लिक, नानुक, निग्लिकचं मुख असे भाग लोक स्वतःच धरतात, नदीचा मुख्य फाटा वेगळा. तुम्ही नवे भाग पाडू नका, तेच वापरा, म्हणजे जुन्या वर्षांशीही जुळतं आणि लोकांनाही कळतं तुम्ही कशाबद्दल बोलताय.

मासा हातात आल्यावर

आधी जातीप्रमाणे वेगळे करा. काकताक, इकालुसाक म्हणजे लीस्ट सिस्को, आनाक्लिक म्हणजे ब्रॉड व्हाइटफिश, पिकुक्तुक म्हणजे हम्पबॅक व्हाइटफिश, क्वचित तित्तालिक, म्हणजे बर्बट. काकताक आणि इकालुसाक नवख्याला सारखेच दिसतात. खालचा जबडा बघा, इकालुसाकचा पुढे आलेला असतो, काकताकचे दोन्ही जबडे जवळपास सारखे, आणि काकताकचे पोटाखालचे पर फिकट पांढरे असतात तर इकालुसाकचे काळपट. बेरिंग सिस्को नावाचा तिसरा भाऊ मात्र फसवतो, तिथं कल्ल्याच्या आतल्या कंगव्याचे दाते मोजावे लागतात, काकताकमध्ये ते जास्त असतात. शंका आली तर जवळच्या म्हातारीला विचारा. मी मस्करी करत नाहीये, चाळीस वर्षं ते मासे साफ केलेल्या बाईची ओळख तुमच्या पुस्तकापेक्षा पक्की असते, तिनं काय म्हटलं ते लिहा आणि मग दाते मोजून बघा.

लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, मिलिमीटरमध्ये. मासा जाळ्यातून निघाल्या निघाल्या मोजायचा कारण उणे १५-२० मध्ये तो काही मिनिटांत लाकडासारखा होतो, आणि वाकडा गोठला तर माप चुकतं. सगळे मोजायची गरज नाही पण निवडून मोठे मोठे मोजू नका, वरून येतील तसे पहिले अमुक इतके, असं ठरवून घ्या.

वयासाठी कानातला खडा लागतो, ऑटोलिथ. त्याच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वळी दिसतात. त्यासाठी डोकं कापावं लागतं, म्हणजे कोणाच्या तरी जेवणातला मासा तुम्ही बिघडवताय. विचारा, पैसे द्या किंवा डोकंच तेवढं घ्या आणि मासा परत करा. न विचारता एकही मासा उचलू नका. वयाचा कागद का हवा? कारण पाच-सहा वर्षांपूर्वी नुइक्सटच्या पूर्वेकडच्या प्रुडो बेच्या किनाऱ्यावर संशोधकांच्या जाळ्यात पिल्लं भरपूर आली होती की नाही हे माहीत असतं, तिथं १९८० च्या दशकापासून ते मोजतात, आणि त्याच पिल्लांची पिढी आता नुइक्सटच्या जाळ्यात दिसतेय का हे वयावरून जुळवता येतं. अख्ख्या किनाऱ्याची गोष्ट त्या खड्यात असते, मला हे अजूनही थक्क करणारं वाटतं.

वही पेन्सिलीनं लिहा, शाई गोठते. वॉटरप्रूफ कागद घ्या. मीटरच्या आणि जीपीएसच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. फोनवर नोंद ठेवतो म्हणाल तर थंडीत तो ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, कागद बंद पडत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य मावळतो तो थेट जानेवारीतच उगवतो, हेडलॅम्प दोन ठेवा.

खारटपणा

जाळ्याशेजारच्या भोकातून सॅलिनिटी मीटरचा प्रोब खाली सोडा आणि दर अर्ध्या मीटरला वाचा, वरपासून तळापर्यंत. ठरावीक जागा, एक दिवसाआड. नदी गोठली की वरून येणारं गोडं पाणी कमी होतं आणि समुद्राचं जड खारं पाणी तळातून पाचरीसारखं आत सरकतं, काकताक त्याच्याबरोबर वर चढतो. साधारण १५ पीपीटीच्या (हजार भागांत १५ भाग मीठ) पुढे गेलं की मासा चांगला लागायला लागतो असं तिथल्या नोंदींत दिसतं. पश्चिमेचा वारा सुटला की किनाऱ्यावर पाणी चढतं आणि खारं पाणी आत येतं, पूर्वेचा सुटला की उतरतं. म्हणून वाराही लिहा, दिशा आणि अंदाजे जोर. हे जर लिहिलं नाही तर एखाद्या वर्षी जाळी रिकामी आली की तुम्ही म्हणाल मासा संपला, आणि मासा असेल दहा किलोमीटर खाली, खाऱ्या पाण्यात, वर यायची वाट बघत. हाच प्रोब भोकात गोठतो, प्रत्येक वाचनानंतर झटकून कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये बुडवून ठेवा.

विचारायचं कसं

ज्या दिवशी तुम्ही नव्हतात त्या दिवसाचं विचारून घ्यावं लागतं. लगेच विचारा, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, महिन्यानं विचारलं तर माणूस सरासरीनं सांगतो. प्रश्न थोडे ठेवा. किती वाजता तपासलं, किती काकताक, बाकी काय आलं, काही वेगळं दिसलं का. बास. आणि उत्तराची घाई करू नका, तिथं बोलण्यात मधे शांतता असते, ती भरून काढायला तुम्ही बडबड केलीत की समोरचा गप्प होतो. भुवया वर केल्या म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही, हे माहीत नसेल तर तुम्ही तोच प्रश्न तीनदा विचारत बसाल आणि त्याने तिन्ही वेळा उत्तर दिलेलं असेल.

किती मासे वाटले, कोणाला पाठवले, हे विचारावं का? गावाला हवं असेल तर जरूर विचारा, कारण ज्या घरी जाळंच नाही अशा घरीही काकताक पोचतो आणि त्या घराचंही या नदीवर पोट आहे हे त्यातून दिसतं. पण आकडा लोकांच्या नावानिशी बाहेर जाता कामा नये. कोणी सांगितलं नाही तर पुन्हा खोदून विचारू नका, नाही सांगितलं एवढंच लिहा. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. जाळं तपासलं आणि एकही मासा नाही हे शून्य, तेही तितकंच महत्त्वाचं. लोक रिकामं जाळं सांगायला कंटाळतात, तुम्ही आवर्जून विचारा.

काही विचित्र दिसलं तर

२०१३ च्या हंगामात नुइक्सटच्या लोकांना आनाक्लिकच्या अंगावर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली. आधी कधी बघितली नव्हती असं त्यांनी सांगितलं, मासे तपासायला गेले आणि ती सॅप्रोलेग्निया नावाची बुरशी निघाली. आधी ओळखली ती जाळं ओढणाऱ्यांनी, प्रयोगशाळा नंतर आली. म्हणून तुमच्याकडे याची सोय आधीच हवी: फोटो काढा, अंगठ्याशेजारी नाही, पट्टीशेजारी, जाळ्याचा नंबर आणि तारीख लिहा, मासा स्वच्छ पिशवीत घालून थंड ठेवा आणि बरोच्या वाइल्डलाइफ खात्याला लगेच कळवा. खायचा की नाही हे तुम्ही स्वतःच्या मनानं सांगू नका, ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडून उत्तर आणून द्या, आणि लवकर आणा, कारण ते मासे कोणाच्या तरी पेटीत ठेवलेत आणि घरात पोरं आहेत.

नवे पाहुणे आले तर तेही तसंच. किनाऱ्यावर सालमन कुठं कुठं दिसायला लागलेत, कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये तर लोकांनी पकडलेल्या सालमनची डोकी किंवा अख्खे मासे आणून द्यायचे आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा असा उपक्रम २००० पासून चालू आहे. एखादाच मासा म्हणून सोडून देऊ नका, एकेक करतच तर चित्र तयार होतं.

हंगाम संपल्यावर

जाळी वर आली की दोन आठवड्यांत सगळ्या कागदांची दुसरी प्रत करा, जाळ्यांचा आत-बाहेरचा तक्ता गावातल्या सोबत्याबरोबर बसून ओळ न ओळ तपासा, त्याला आठवेल की अमुक जाळं मधे चार दिवस बाहेर होतं. मग रिपोर्ट छापायच्या आधी, हो आधी, गावात मीटिंग घ्या, जेवण ठेवा, मोठ्या अक्षरात चारच आलेख भिंतीवर लावा आणि माशांची नावं इनुपियाकमध्ये लिहा. नुइक्सटमध्ये अनुभवी मासेमारांचं पॅनल बसतं, आकडे त्यांच्यासमोर ठेवले की ते सांगतात हे पटतं, हे पटत नाही, त्या आठवड्यात तर बर्फच धरला नव्हता. ते काय म्हणाले तेही रिपोर्टात जायला हवं, आणि त्यांचं आणि तुमच्या आकड्यांचं जुळत नसेल तर दोन्ही शेजारी शेजारी लिहा, कोणतं एक पुसू नका. कागदांची एक प्रत नावं झाकून गावच्या ऑफिसात राहील, आणि पुढच्या सप्टेंबरात, व्हेलची माणसं परत आली की, पहिल्या मीटिंगला तीच प्रत घेऊन जायचं.